सीझनची शेवटची संध्याकाळ, समोर ३०० किलोचा एल्क, तरी अमेरिकेतले शिकारी बाण का सोडत नाहीत?

एक सीन डोळ्यांसमोर आणा.

सप्टेंबरची ३० तारीख. अमेरिकेतलं कोलोरॅडो राज्य. रॉकी पर्वतात, तीन हजार मीटर उंचीवर ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झालीयेत. चार मित्र आठ दिवसांपासून तंबू ठोकून बसलेत. रोज पहाटे चारला उठायचं, अंधारात डोंगर चढायचा आणि रात्री रिकाम्या हाताने परत यायचं. प्रत्येकाच्या खिशात एल्कचं लायसन्स आहे, एकाकडे हरणाचंही आहे. आज रात्री ही सगळी कागदं रद्दी होणार, कारण धनुष्यबाणाने शिकार करायचा सीझन आज संपतोय.

उजेड जायला वीस मिनिटं उरलीत आणि झाडीतून एक नर एल्क बाहेर येतो. तीसेक मीटरवर थांबतो. चौघांतल्या एकाने धनुष्य ताणलेलं आहे. अडचण एकच, एल्क त्याच्याकडे तोंड करून सरळ उभा आहे. दहा सेकंद जातात, वीस जातात, तीस जातात. एल्क काही वळत नाही.

आणि तो माणूस बाण न सोडता दोरी हळूच सैल करतो.

हा सीन कल्पनेतला आहे, पण यातली एकही गोष्ट तिथल्या शिकाऱ्याला नवीन वाटणार नाही. आपण मात्र ही शिकार पाहतो ती रीलमध्ये. चेहऱ्याला रंग फासलेला अमेरिकन माणूस, हातात चाकं लावलेलं धनुष्य आणि मागे पडलेलं भलंमोठं हरीण. खाली कमेंटमध्ये दोन पार्ट्या ठरलेल्या असतात. एक म्हणते, "हे राक्षस आहेत." दुसरी म्हणते, "भाई, यामुळेच तर जंगल वाचतं."

यातलं खरं काय? शिकारीने प्राणी वाचतात, हा काय प्रकार आहे? बंदूक दुकानात मिळत असताना धनुष्य कशाला? आणि आठ दिवस वणवण केल्यावर समोर आलेला एल्क तो माणूस सोडून का देतो? एकेक करून बघू.

एल्क म्हणजे नेमका कोण?

एल्क हा हरणाच्या कुळातला प्राणी. आपल्याकडचं सर्वात मोठं हरीण म्हणजे सांबर. एल्क त्याच्याच तोडीचा, बऱ्याचदा वरचढ. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. नराच्या डोक्यावर फांद्यांसारखी शिंगं असतात आणि ती दरवर्षी गळून पडतात. पुढच्या काही महिन्यांत नवी उगवतात.

त्याचं दुसरं नाव वापिती. हा शॉनी या मूलनिवासी लोकांच्या भाषेतला शब्द. अर्थ, पांढऱ्या पुठ्ठ्याचा. युरोपात मात्र 'एल्क' म्हटलं की मूस हा वेगळाच प्राणी समजतात, त्यामुळे गुगल करताना गोंधळू नका.

सप्टेंबर म्हणजे एल्कच्या माजाचा महिना. नर माद्यांचा कळप गोळा करतात आणि दुसऱ्या नरांना आव्हान देत ओरडतात. या ओरडण्याला बिगुल म्हणतात. खाली घोगरा सूर, मग एकदम शिट्टीसारखा चढत जाणारा आवाज आणि शेवटी खाकरल्यासारखे दोन-चार हुंकार. पहाटेच्या दरीत हा आवाज घुमला की एवढ्या मोठ्या प्राण्याच्या गळ्यातून शिट्टी निघते यावर विश्वास बसत नाही.

कोलोरॅडोत धनुष्याचा सीझन साधारण २ ते ३० सप्टेंबर असतो, म्हणजे बरोबर याच काळात. म्यूल डिअर या हरणाच्या शिकारीचाही हाच सीझन. गाढवासारखे मोठे कान, म्हणून त्याचं नाव म्यूल डिअर.

हा प्राणी संपत आला होता

युरोपीय लोक यायच्या आधी उत्तर अमेरिकेत एक कोटीच्या आसपास एल्क असावेत, असा अंदाज सांगितला जातो. १९व्या शतकात रेल्वे आली, खाणी आल्या, शहरं उभी राहिली आणि या सगळ्यांना मांस लागत होतं. मग धंदेवाईक शिकारी उतरले. मारायचं आणि बाजारात विकायचं. ना सीझन, ना मर्यादा. विसावं शतक उजाडेपर्यंत अमेरिकेत एक लाखही एल्क उरले नव्हते. पूर्वेकडच्या राज्यांतली एल्कची उपजात तर कायमची नामशेष झाली.

आज जगातला सर्वात मोठा एल्कचा कळप ज्या कोलोरॅडोत आहे, तिथे तेव्हा जेमतेम हजारभर एल्क शिल्लक होते. शेजारच्या वायोमिंगमधून एल्क आणून इथल्या डोंगरात सोडावे लागले. आता एकट्या कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत आणि सगळ्या उत्तर अमेरिकेत दहा लाखांच्या घरात.

मधल्या काळात झालं काय? तर नियम आले. १८८७ मध्ये थिओडोर रुझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी बून अँड क्रॉकेट क्लब काढला. हे रुझवेल्ट पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि ते स्वतः पक्के शिकारी होते. १९०० मध्ये लेसी कायदा आला आणि बेकायदा मारलेला प्राणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकण्यावर बंदी आली. हळूहळू शिकारीच्या मांसाचा बाजारच बंद झाला. आजही तिथे शिकार करून आणलेलं मांस तुम्ही खाऊ शकता, मित्राला देऊ शकता, गरजूंसाठी दान करू शकता. विकू मात्र शकत नाही.

या सगळ्याच्या मागे एक साधा विचार होता. रानातला प्राणी कुणा एकाच्या मालकीचा नाही, तो लोकांचा आहे, सरकार फक्त राखणदार.

लायसन्सचा पैसा जातो कुठे?

राखणदारी फुकट होत नाही. वनरक्षक लागतात, मोजणी करावी लागते, जमीन राखावी लागते.

त्यासाठी १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामाला बांधून टाकला गेला. १९७० च्या दशकात धनुष्यबाणही यात आले. त्यामुळे अमेरिकेत आज कुणी शिकारीचं धनुष्य घेतलं की त्यातला एक वाटा राज्याच्या वन्यजीव खात्याकडे पोचतो. खर्चाचे ७५ टक्के केंद्राकडून, २५ टक्के राज्याकडून. अट अशी की राज्याने शिकारीच्या लायसन्सचा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही. रस्ते, निवडणुकीच्या घोषणा, कशालाच नाही.

हे लायसन्स स्वस्त नसतं. कोलोरॅडोतल्या रहिवाशाला एल्कचं लायसन्स शंभर डॉलरच्या आत मिळतं, पण दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याला ७०० डॉलरहून जास्त मोजावे लागतात. हरणाचं लायसन्स तर अर्ज केलेल्यांतून ड्रॉ काढून देतात. म्हणजे सिडको-म्हाडाची लॉटरी असते ना, तसंच. नंबर लागला तर जायचं, नाहीतर पुढच्या वर्षी.

१ जानेवारी १९४९ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला त्याआधी शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स पास व्हावं लागतं. आणि एक लायसन्स म्हणजे एकच प्राणी. प्राणी पडला की लायसन्सचा टॅग लगेच त्याला लावायचा. विषय संपला.

बंदूक असताना धनुष्य कशाला?

या प्रश्नाचं उत्तर एका दुःखद गोष्टीपासून सुरू होतं.

१९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. तो याही जमातीतला शेवटचा जिवंत माणूस होता. त्याची बाकीची माणसं गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलींत आणि रोगराईत संपली होती. त्याने आपलं खरं नाव कुणालाच सांगितलं नाही. लोकांनी त्याला 'इशी' म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस.

इशीला सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवलं गेलं. तिथे सॅक्स्टन पोप नावाचे डॉक्टर त्याच्यावर उपचार करायचे. दोघांची मैत्री झाली. इशीने पोप यांना धनुष्य बनवायला, बाण सरळ करायला आणि जनावराच्या जवळ जायला शिकवलं. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. पोप यांनी १९२३ मध्ये धनुष्याने शिकार करण्यावर पुस्तक लिहिलं आणि ते वाचून अमेरिकेत नव्या पिढीने धनुष्य हातात घेतलं. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने फक्त धनुष्यासाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा सीझन दिला. १९६१ मध्ये धनुर्धारी शिकाऱ्यांचा क्लब निघाला, त्याला पोप आणि त्यांचे साथी आर्थर यंग यांची नावं दिली गेली. ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं त्या इशीचं नाव मात्र क्लबच्या पाटीवर नाही.

आता त्या चाकांच्या धनुष्याबद्दल. त्याला कंपाउंड बो म्हणतात. मिसुरीतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. हे धनुष्य आपल्याला अनोळखी नाही. साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियनशिपची वैयक्तिक सोनेरी पदकं जिंकली, ती याच प्रकारात.

कंपाउंड बोची गंमत त्याच्या चाकांत आहे. साध्या धनुष्याची दोरी जितकी ओढाल तितकी जड होते. यात उलटं. समजा धनुष्य ३० किलोचं आहे. अर्ध्या वाटेत ते ३० किलो हाताला पुरेपूर जाणवतात, पण दोरी पूर्ण मागे आली की चाकं फिरतात आणि भार कमी होत पाच-सात किलोवर येतो. त्यामुळे ताणलेलं धनुष्य धरून थांबता येतं. तरी मिनिटभरात खांदा थरथरायला लागतोच.

मग बंदुकीपेक्षा फरक काय? अंतराचा. रायफलवाला दोन-तीनशे मीटरवरून गोळी घालू शकतो. धनुष्यवाल्याला वीस ते चाळीस मीटरवर जावं लागतं. ज्या प्राण्याचं नाक आणि कान हेच त्याचं आयुष्य आहे, त्याच्या इतक्या जवळ. म्हणूनच कोलोरॅडोत धनुष्य घेऊन एल्कच्या मागे गेलेल्या दहा जणांतला साधारण एकच यशस्वी होतो. उरलेल्यांसाठी तिथे एक शब्द आहे, 'टॅग सूप'. हाती काही लागलं नाही, आता घरी जाऊन टॅगचा कागद उकळून प्या.

मित्र कशाला लागतात?

सोबत म्हणून तर लागतातच. पण एल्कच्या बाबतीत मित्र हा शिकारीच्या तंत्राचाच भाग आहे.

एकजण पुढे धनुष्य घेऊन झाडाआड बसतो. दुसरा त्याच्या मागे चाळीस-पन्नास मीटरवर जातो आणि तोंडात रबराची पातळ चकती धरून मादीचा आवाज काढतो, किंवा नळीतून नराचा बिगुल. एल्कला वाटतं मादी तिकडे आहे. तो आवाजाच्या दिशेने येतो, पण हुशार असल्यामुळे थोडं अलीकडेच थांबून बघतो. त्याचं हे 'थोडं अलीकडे' बरोबर पहिल्या मित्राच्या समोर यावं, एवढाच सगळा खेळ.

तिसरा शत्रू म्हणजे वारा. डोंगरात सकाळी ऊन तापलं की हवा उताराने वर चढते आणि संध्याकाळी गार झाली की खाली उतरते. म्हणून पहाटे ज्या बाजूने गेलात, त्याच बाजूने संध्याकाळी गेलात तर तुमचा वास थेट कळपाच्या नाकात. शिकारी खिशात पावडरची छोटी बाटली ठेवतात. चिमूटभर हवेत उडवायची आणि ती कुठे जाते ते बघायचं.

आवाज काढून शिकार करण्यात एक धोकाही आहे. झाडीतून बिगुल ऐकू आला म्हणून तो एल्कच असेल असं नाही, तो दुसऱ्या शिकाऱ्याच्या नळीचा आवाजही असू शकतो. आपल्याकडे ही गोष्ट लहान पोरालाही माहिती आहे. दशरथाने पाण्यात बुडणाऱ्या घागरीचा आवाज ऐकला, हत्ती समजून बाण सोडला आणि तो श्रावणबाळाला लागला. तिथल्या कोर्समध्ये पहिला नियम हाच शिकवतात. आवाजावर बाण सोडायचा नाही. प्राणी पूर्ण दिसला पाहिजे आणि त्याच्या मागे काय आहे तेही दिसलं पाहिजे.

शेवटचे दिवस सगळ्यात अवघड का?

सीझन संपत येतो तेव्हा एल्क महिनाभर खोटे आवाज ऐकून कंटाळलेले असतात. आवाज आला की जवळ येण्याऐवजी कळप घेऊन गुपचूप निघून जातात. मोठ्या नरांभोवती माद्या जमलेल्या असतात, म्हणजे एका नराला फसवायचं असेल तर वीस माद्यांच्या चाळीस डोळ्यांतून सुटावं लागतं. म्हणून बरेच जण आवाज काढणं सोडून देतात आणि पाणवठ्यावर किंवा एल्क चिखलात लोळतात त्या डबक्याजवळ तासन् तास बसून राहतात.

पण खरी परीक्षा वेगळीच असते.

वर्षभर सराव केलेला असतो. सुट्टी टाकलेली असते. पेट्रोल, लायसन्स, तंबू मिळून बराच खर्च झालेला असतो. अंग मोडून आलेलं असतं. कायद्याने सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बाण सोडता येतो. अशा वेळी समोर एल्क आला, पण अंतर जरा जास्त आहे, किंवा मध्ये फांदी आहे, किंवा तो तिरका उभा आहे, तर मन म्हणतं, "सोड की, लागला तर लागला."

आणि इथेच बाण आणि गोळी यांचं गणित वेगळं होतं.

गोळी सेकंदाला आठशे-नऊशे मीटर जाते आणि तिच्या धक्क्यानेच शरीराचं मोठं नुकसान होतं. बाण सेकंदाला जेमतेम ८० ते ९० मीटर जातो. तो धक्क्याने मारत नाही, कापतो. त्याच्या टोकाला वस्तऱ्यासारखी पाती असतात. कोलोरॅडोच्या नियमानुसार किमान दोन पोलादी धारा आणि रुंदी किमान पाऊण इंचाच्या वर, म्हणजे ७/८ इंच. बाण दोन्ही फुप्फुसांतून गेला तर एवढा मोठा प्राणीही थोड्याच वेळात, बऱ्याचदा शे-दीडशे मीटरच्या आत कोसळतो. जागा चुकली तर तो तासन् तास, कधी दिवसभर तडफडतो, आणि कधी सापडतच नाही.

फुप्फुसांची ही जागा एल्कच्या बाबतीत साधारण परातीएवढी, हरणाच्या बाबतीत जेवणाच्या ताटाएवढी. तीही प्राणी आडवा उभा असेल तरच. समोरून छातीचं हाड आणि खांदे आडवे येतात, उरते फक्त एक चिंचोळी फट. वर चाळीस मीटर जायला बाणाला जवळपास अर्धा सेकंद लागतो. दोरीचा आवाज त्याच्या आधीच प्राण्याच्या कानात पोचलेला असतो. त्या अर्ध्या सेकंदात हरीण दचकून खाली वाकलं की नेम गेला.

आपल्या सीनमधला माणूस दोरी सैल करतो, त्याचं कारण हे. शिकाऱ्यांच्या पुस्तकात बाण सोडण्याचे जितके धडे असतात, तितकेच न सोडण्याचेही असतात. तरीही प्रत्येकजण दोरी सैल करतोच असं नाही आणि हीच या छंदाची सगळ्यात दुखरी नस आहे.

बाण लागला तर पुढे?

लगेच धावायचं नाही. निदान अर्धा तास थांबायचं. पाठलाग केला तर जखमी प्राणी आणखी लांब पळतो. फुप्फुसांऐवजी पोटात लागला असेल तर कित्येक तास, कधी पूर्ण रात्र थांबावं लागतं. मग मित्र रक्ताच्या खुणांवर चालतात. एकजण शेवटच्या थेंबापाशी उभा राहतो, बाकीचे पुढचा थेंब शोधतात. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, काळपट म्हणजे बहुतेक काळीज. आपल्याकडे काळीज म्हणजे हृदय समजतात, इथे मात्र मटणाच्या दुकानातलं यकृत.

प्राणी सापडला की खरी हमाली सुरू. मोठ्या नरापासून हाडं काढून ९० ते १०० किलो मांस निघतं. संरक्षित अरण्यात गाडीच काय, सायकल न्यायलाही बंदी असते. म्हणजे सगळं पाठीवर, एकेका खेपेला पंचवीस-तीस किलो, डोंगर उतरत. एकट्याला चार-पाच खेपा, चौघांना एक किंवा दोन. मांस लवकर थंड झालं नाही तर नासतं आणि वासावर काळं अस्वल येऊ शकतं. मित्रांची किंमत इथे कळते.

मांस टाकून फक्त शिंगं घेऊन जायची सोय नाही. खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे. हरणाच्या मांसाची आणखी एक काळजी घ्यावी लागते. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्याच फोर्ट कॉलिन्समध्ये बंदिस्त म्यूल डिअरमध्ये एक मेंदूचा आजार पहिल्यांदा दिसला, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. तो आता अनेक राज्यांत पसरलाय. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण लागण झालेल्या प्राण्याचं मांस खाऊ नका, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. म्हणून बरेच शिकारी आधी नमुना तपासणीला देतात आणि रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये ठेवतात.

मग विरोध कशाला?

विरोधाला ठोस कारणं आहेत. पहिलं म्हणजे जखमी होऊन निसटणारे प्राणी. बाणाने हे बंदुकीपेक्षा जास्त होतं, असं विरोधकांचं म्हणणं आहे. ब्रिटनमध्ये तर धनुष्याने शिकार करायला कायद्याने बंदी आहे. दुसरं म्हणजे शिंगांची हौस. सर्वात मोठ्या नराला मारून फोटो काढायचा, याला निसर्गप्रेम कसं म्हणायचं? तिसरं म्हणजे पैसा. २०१६ च्या सरकारी पाहणीत अमेरिकेत १ कोटी १५ लाख शिकारी होते, म्हणजे लोकसंख्येच्या पाच टक्क्यांहूनही कमी. एवढ्या थोड्या लोकांच्या खिशावर सगळ्यांचं रान का चालवायचं? आणि पैसे ते देतात म्हणून निर्णयही त्यांच्याच सोयीचे होतात का?

समर्थक म्हणतात, लांडग्यांसारखे शिकारी प्राणी आपणच मारून टाकले, आता हरणांची संख्या आवरणार कोण? अमेरिकेत दरवर्षी दहा लाखांहून जास्त गाड्या हरणांवर आदळतात, असे अंदाज आहेत. कोलोरॅडोने यावर दुसरा उपायही करून पाहिलाय. २०२० मध्ये मतदान घेतलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये लांडगे परत आणून सोडले. त्यावरून पशुपालक आणि प्राणीप्रेमींचं भांडण अजून मिटलेलं नाही.

वाद शिकाऱ्यांच्या आतही आहे. सोशल मीडियावर लांबून मारलेल्या बाणांचे व्हिडिओ चालतात. जेवढं अंतर जास्त, तेवढे व्ह्यूज जास्त. न सोडलेल्या बाणाचं रील कोण बघणार? जुने शिकारी यावरच चिडतात.

हे आपल्याकडे चालेल का?

सरळ उत्तर, नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ९ नुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. चितळ असो, सांबर असो, धनुष्य असो की बंदूक, गुन्हा तो गुन्हाच. त्याला कारणही आहे. आपल्याकडे संस्थानिक आणि साहेबांनी हौसेपायी जंगलं रिकामी केली. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. अमेरिकेने त्याच संकटातून नियमांत बांधलेल्या शिकारीचा रस्ता काढला, आपण बंदीचा काढला. आपली जंगलं लहान, माणसं जास्त आणि त्याच जंगलात वाघ हरणांवर जगतो. तिथला फॉर्म्युला इथे जसाच्या तसा बसत नाही.

पण प्रश्न सुटलाय असंही नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याला विचारा, रोही आणि रानडुकरं रात्रीत पीक कसं साफ करतात. पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना मारायची परवानगी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. ती कधी, कुणाला, किती द्यायची यावर आपल्याकडेही वाद आहेच. रान सगळ्यांचं असेल तर त्याचा खर्च आणि त्याचा त्रास कुणी सोसायचा, हा सवाल कोलोरॅडोत जेवढा खरा तेवढाच यवतमाळात.

बाकी त्या चौघांचं काय झालं असेल? उजेड गेला असेल. एल्क झाडीत शिरला असेल. तंबूत परतल्यावर टॅग सूपवरून एकमेकांची भरपूर खेचली असेल आणि पुढच्या सप्टेंबरच्या सुट्टीचं बोलणंही तिथेच सुरू झालं असेल.

पुढच्या वेळी असं रील समोर आलं, तर पडलेला एल्क आणि शिंगं धरून हसणारा माणूस एवढंच बघू नका. बाण सुटला तेव्हा प्राणी किती लांब होता आणि कसा उभा होता, तेही बघा. समोरचा माणूस कोणत्या जातीचा शिकारी आहे, ते तिथेच कळतं.